टाचण्या जमा

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, बाई किती तोंड वाजवते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे एकवीस वर्षं बसल्यावर माणूस एक तर संत होतो, नाहीतर माझ्यासारखा होतो. संत होणं माझ्या नशिबात नव्हतं.

पण त्या खिडकीनं मला एक गोष्ट शिकवली. तक्रार घेऊन येणारा माणूस खोटं बोलत नाही. नळ नेमका कुठे फुटलाय, एवढंच त्याला माहीत नसतं. तिसऱ्या मजल्यावरची बाई येऊन भांडते, तुमची टाकीच रिकामी म्हणून, आणि पाइप फुटलेला असतो तळमजल्यावर, जिन्याखाली, जिथे कुणी वाकून बघितलेलंच नसतं. म्हणून आम्ही आधी विचारतो, कधीपासून? मग, दिवसातून कोणत्या वेळी? मग, तेव्हा काय चालू होतं? एवढं नीट लिहून घेतलं की निम्मं काम झालं. घरात मात्र ही अक्कल मी दहा दिवस गुंडाळून ठेवली होती. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून, त्यातली गत.

माझे सासरे शिंपी. पंचेचाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले, घराच्याच पुढच्या खोलीत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीसुद्धा. गेली सहा वर्षं त्यांना विसरण्याचा आजार आहे. आधी गिऱ्हाइकांची मापं गेली, मग गिऱ्हाइकं गेली, मग घरातली माणसं एकेक करून जायला लागली. माझं नाव गेलं त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी हाक मारली, "अगं ए नळवाली, चहा झाला का?" नाव गेलं होतं, पण ही बाई नळांचं काहीतरी करते एवढं शिल्लक होतं. तेव्हापासून मी नळवाली. माझं त्यावर काहीएक म्हणणं नव्हतं.

त्यांची एक जुनी सवय होती. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतताना सात टाचण्या ओठांत धरायच्या, डाव्या कोपऱ्यात, आणि एकेक काढून टोचायची. दुकान बंद झालं, टाचण्या आम्ही कपाटात कुलपात टाकल्या, पण मास्तर अधूनमधून ओठ घट्ट मिटून बसायचे. आम्ही हसायचो. "मास्तर कामात आहेत," म्हणायचो आणि पाच मिनिटं थांबायचो. मग ते आपोआप सुटायचे. सासूबाई फार लवकर गेल्या, आमचे हे तेव्हा चार वर्षांचे. पण अजूनही ताट समोर आलं की मास्तर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचे, जणू तिथून कुणी काहीतरी म्हणायचं राहिलंय. काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तर एका शुक्रवारी मास्तरांनी ओठ मिटले ते मिटलेच. सकाळी पाव खाल्ला नाही, दुपारी सूप नको. मी म्हटलं, कामात आहेत. शनिवारीही कामात. रविवारी हे दाढी करून देत असताना मास्तरांनी ह्यांच्या तोंडावर अशी सणसणीत लगावली की चष्मा बेसिनमध्ये. आयुष्यात ज्या माणसानं मुंगीला फुंकर मारून बाजूला केलं, त्यानं! सोमवारी मी त्यांचे दात घासायला गेले तर ब्रश हिसकावून खिडकीबाहेर. आणि बोलणं बंद. नळवाली नाही, चहा नाही, काही नाही.

घरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, पोट दाबून बघितलं, लघवी तपासायला पाठवली. अशा माणसांना लघवीत जंतू झाले तरी एकदम असं बिथरायला होतं, म्हणाले. रिपोर्ट स्वच्छ आला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि डॉक्टर चष्मा पुसायला लागले की आपण समजून जायचं. "आजार पुढच्या पायरीवर गेलेला दिसतो," म्हणाले. शांत राहण्यासाठी अर्धी गोळी दिली. त्या अर्ध्या गोळीनं मास्तर शांत झाले नाहीत, फक्त त्यांचे पाय शांत झाले. तिसऱ्या दिवशी कपाटावर आपटले, गुडघा सोलवटून निघाला. खाणं तेवढंच, चार घोट आणि अर्धं केळं. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

आणि मग पुढच्या सोमवारी आमच्या ताई आल्या. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, शाळेत मुख्याध्यापिका. घरात आल्या तरी घंटा वाजल्यासारखं वाटतं. त्यांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला आणि पुढच्या खोलीतल्या, मास्तरांच्या कापड कापायच्या टेबलावर ठेवला.

"देखभाल केंद्रात एक खाट रिकामी झालीय," त्या भावाला म्हणाल्या. "फार मुश्किलीनं मिळते. मी भरून आणलाय, तुझी सही तेवढी राहिलीय. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत ते थांबणार."

आमचे हे म्हणजे पाणी, ओताल त्या भांड्याचा आकार. दिवसभर बस चालवतात, तिथे मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. घरी आले की संपलं. त्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा.

"हात लावू नका त्या फॉर्मला," मी म्हटलं.

"अगं, तुझ्यासाठीच करतेय मी," ताई म्हणाल्या. "आरशात बघितलंस का स्वतःला? मास्तर मारतात, खात नाहीत, पडतात. उद्या काही झालं तर?"

"काही झालं तर काय! दहा दिवसांपूर्वी हा माणूस चहा मागत होता, माझी टिंगल करत होता. दहा दिवसांत कुणी जिना उतरून तळघरात जातं का?"

"डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं?"

"डॉक्टर दहा मिनिटं बघतात, मी दहा दिवस बघतेय!" असं मी ओरडले खरी, पण ओरडता ओरडताच माझी मला लाज वाटली. कारण बघत कुठे होते मी? हसत होते. कामात आहेत, कामात आहेत.

खरं सांगते, ते केंद्र वाईट नव्हतं. मी जाऊन बघून आले होते, स्वच्छ होतं, माणसं बरी होती. कधीतरी न्यावंही लागेल, मला माहीत आहे. पण ज्यानं तोंड मिटलंय, त्याला अनोळखी माणसांत नेऊन ठेवलं तर तो ते उघडणार होता थोडाच? मास्तर असे मुक्यानेच जातील आणि का गेले ते आम्हाला कधीच कळणार नाही, ही भीती होती. मी ताईंपुढे हात जोडले. मी सहसा जोडत नाही. "शुक्रवारपर्यंत द्या मला. तोपर्यंत काय बिघडलंय ते सापडलं नाही, तर मी स्वतः त्यांची बॅग भरीन."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "शुक्रवारी सहा," त्या म्हणाल्या. फॉर्म मात्र टेबलावरच ठेवून गेल्या, पेपरवेटखाली.

मंगळवारी मी रजा टाकली आणि कचेरीत वापरतो तसली एक लांब वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं, तक्रारदार: मास्तर. मग आमच्या डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, तुमचा आजार पायरी पायरीनं उतरतो म्हणता. मग हा एकदम कसा उतरला?"

मग ते म्हणाले, आणि हे त्यांचं मोठेपण, "प्रश्न बरोबर आहे. एकदम झालं असेल तर शरीरात काहीतरी खुपत असू शकतं, आणि त्यांना सांगता येत नसतं. शौचाला कधी झालं? पाणी किती जातं? कान, डोळे, पाय, कुठे दुखतंय का? सगळं बघा आणि मला कळवा."

लागले कामाला. शौचाला पाच दिवस झालं नव्हतं! पाच! आणि आम्हा दोघांपैकी कुणाच्या लक्षात नाही. मला वाटलं ह्यांना माहीत आहे, ह्यांना वाटलं मला. डॉक्टरांनी औषध सांगितलं, दुसऱ्या दिवशी काम फत्ते झालं. मास्तरांचा चेहरा जरा सैल झाला, पण ओठ नाही. पायांची नखं बघितली, एक वाढून बोटात रुतत होतं, ते कोमट पाण्यात भिजवून कापलं. बूट काढून मऊ चपला दिल्या. ओठ नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी येऊन कान बघितले, तर डाव्या कानातून वाटाण्याएवढा मळ निघाला. मला वाटलं, सापडलं! कुठलं काय. आता ऐकू स्वच्छ यायला लागलं, त्यामुळे माझा आवाज चढला की मास्तर दचकायचे, एवढाच फरक.

पण मी लिहीत होते. प्रत्येक वेळी, घड्याळ बघून. थंड पाणी दिलं, ग्लास उडवला. तेच पाणी तासाभरानं दिलं, चार घोट घेतले. गरम सूप दिलं, तोंड फिरवलं. विसरून तसंच राहिलं, निवलं, तर अर्धी वाटी गेलं, पण मान डावीकडे कलती करून, चोरून प्यायल्यासारखं. दुपारी उजव्या कुशीवर निजवलं, लगेच उठून बसले. डाव्या कुशीवर निजवलं, तास झोपले. दाढी, डावा गाल, काही नाही. दाढी, उजवा गाल, फटका.

बुधवारी संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले, हात धुतले आणि टेबलाशी बसले. फॉर्म तिथेच होता. मी वही उघडून खिडकीवर आलेली तक्रार वाचावी तशी सगळी वाचून दाखवली, पहिल्यापासून. वाचता वाचता माझाच आवाज हळू झाला.

"म्हणजे उजवीकडे काहीतरी आहे," हे म्हणाले. "पण तोंडाचं म्हणशील तर ते टाचण्यांमुळे..."

"टाचण्या!" मी वही आपटली. "अहो, मला एक सांगा. तोंडात टाचण्या असताना मास्तर गप्प बसलेले तुम्ही कधी बघितलेत?"

ह्यांनी विचार केला. बस वळवताना करतात तसा, आधी डावीकडे बघून, मग उजवीकडे बघून. "नाही," म्हणाले. "उलट तेव्हाच जास्त बोलायचे. गिऱ्हाईक जागचं हलू शकत नसे ना. उजव्या कोपऱ्यातून टकळी चालू असायची."

"हो की नाही? मग ही गप्प बसायची टाचणी कुठली?"

दोघंही उठलो आणि मास्तरांसमोर जाऊन बसलो. ते खिडकीशी बसले होते, ओठ मिटून. इतके दिवस आम्ही ओठच बघत होतो. आता गाल बघितला. उजवा गाल जरासा फुगलेला होता, ओली बडीशेप धरल्यासारखा, आणि मास्तर जीभ आतून त्यावर टेकवून बसले होते. तोंडात टाचण्या नव्हत्या. दाढ होती! तेरा दिवस त्यांनी सांगितलं, थोबाडीत मारून सांगितलं, ब्रश फेकून सांगितलं, आणि आम्ही शिंप्याच्या घरातले शहाणे म्हणत होतो, मास्तर कामात आहेत. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि "माफ करा हो मास्तर" म्हणून मोठ्यानं रडले. त्यांनी माझ्या ब्लाउजची शिवण चाचपून बघितली, तेवढंच.

गुरुवारी दुपारची दातांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. ताईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "मी येते. तिथे तुझं तोंड सुटलं तर आवरायला कुणीतरी हवं." मास्तरांना बाहेर नेताना हातात ओळखीचं काहीतरी असलं की ते बावरत नाहीत, म्हणून निघताना मी त्यांच्या डाव्या मनगटाला त्यांची टाचण्या टोचायची गादी बांधली. लाल मखमलीची, इलॅस्टिकची, वापरून वापरून टक्कल पडलेली. टाचण्या अर्थातच नव्हत्या.

दातांची डॉक्टरीण तरुण होती, आवाज मऊ. खुर्चीत बसवेपर्यंत सगळं ठीक. दिवा लागला आणि मास्तरांनी ओठ असे आवळले की पांढरे पडले. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून बघितलं, मी खालच्या आवाजात विनवून बघितलं, ह्यांनी स्वतः आ करून दाखवलं. ह्यांचे दात बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हीही एकदा येऊन जा." पण मास्तर ढिम्म.

"जबरदस्ती मी करणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन बघावं लागेल. तारीख साधारण तीन आठवड्यांनी मिळेल."

"तीन आठवडे?" माझं तोंड सुटलंच. "अहो, तीन आठवड्यांत हा माणूस उरेल तरी का? तुम्ही..."

"हळू बोला, त्यांना त्रास होतोय," त्या म्हणाल्या, आणि खरंच, मास्तरांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते. मी तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळले. झालं, संपलं, असंच मला वाटलं. उद्या शुक्रवार.

ताई दाराशी उभ्या होत्या. त्या मास्तरांच्या मनगटावरच्या त्या लाल गादीकडे बघत होत्या. मग त्यांनी पर्स खाली ठेवली, पदर खोचला, आणि अशा आवाजात बोलल्या की मी वळून बघितलं. मुख्याध्यापिकेचा तो आवाज नव्हताच. दुसऱ्याच कुण्या बाईचा होता, घाईतल्या, हसऱ्या, हात ओले असलेल्या.

"मास्तर! ताट वाढलंय. टाचण्या जमा!"

मास्तरांनी मान वळवली. चौदा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या हाकेला मान वळवली! उजवा हात खुर्चीवरून उचलला, दोन बोटांनी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून काहीतरी चिमटीत धरून काढलं, आणि मनगटावरच्या गादीत टोचलं.

"एक," ताई म्हणाल्या.

दुसरी काढली. "दोन." तिसरी. नसलेल्या टाचण्या मास्तर इतक्या निगुतीनं काढत होते की चौथी जरा वाकडी टोचली गेली म्हणून त्यांनी ती उपसून पुन्हा सरळ टोचली. पाच. सहा. सात.

"आता आ," ताई म्हणाल्या. "आ करून दाखवा. नाहीतर जेवायला नाही."

आणि मास्तरांनी तोंड उघडलं. पूर्ण, लहान मुलासारखं, जीभ वर करून, एक सुद्धा राहिली नाही बघ, असं दाखवत.

डॉक्टरीणबाई विजेसारख्या वाकल्या. आरसा आत गेला, दिवा वळला. "अरे देवा," त्या म्हणाल्या. उजवीकडची दाढ उभी फुटली होती, तिचं टोक गालात रुतून जखम झाली होती, आणि हिरडीखाली पू. "किती दिवस झाले?"

"आज चौदावा," मी वही न बघता म्हटलं.

"मी चौदा मिनिटं सहन केलं नसतं."

तिथून पुढे त्या बाईनं जे केलं त्याला तोड नाही. आधी आमच्या डॉक्टरांना फोन करून मास्तरांच्या सगळ्या गोळ्या विचारून घेतल्या. मग आम्हा तिघांना सांगितलं, एका वेळी दोन मिनिटं, मग विश्रांती. प्रत्येक वेळी ताईंनी हाक द्यायची, मास्तरांनी सात टाचण्या जमा करायच्या, आ करायचं. पहिल्या वेळी सुन्न करायचं मलम, दुसऱ्या वेळी इंजेक्शन. तेव्हा मास्तर कण्हले, त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी पिचली, पण तोंड मिटलं नाही. नंतर थांबलो, तिसऱ्या वेळी हिरडी सुन्न झालीय का ते त्यांनी बघितलं. आणि चौथ्या वेळी ती दाढ आली बाहेर. आधीच खिळखिळी झाली होती, म्हणाल्या. छोट्या ताटलीत ठेवली, तर मास्तर वाकून बघायला लागले.

"हे बटण कुणाचं?" ते विचारते झाले.

बोलले! कापूस तोंडात धरून, उजव्या नाही, डाव्या कोपऱ्यातून, पण बोलले. डॉक्टरीणबाईसकट आम्ही सगळे असे हसलो की बाहेरचं पेशंट दार उघडून बघायला आलं.

बाहेर बाकावर ताई माझ्याजवळ बसल्या आणि त्यांना हुंदका आवरेना. मी कधी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. "आई रोज म्हणायची तसं," त्या म्हणाल्या. "एकदा जेवताना त्यांच्या घासात टाचणी निघाली, तेव्हापासून तिनं नियम केला. मोजायचं काम माझं. सहा वर्षांची होते मी. आई गेली आणि ते कुणी म्हणायचंच थांबलं. मीसुद्धा." मग डोळे पुसून, "मी त्यांना तसंच पाठवत होते गं. दुखतं तोंड घेऊन."

"आणि मी दहा दिवस हसत होते, ताई," मी म्हटलं. "फिट्टंफाट."

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांचा फोन आला. ती अर्धी गोळी बंद करा, म्हणाले. "आणि तोंडात मी बघायला हवं होतं." माझ्या जिभेवर आलं होतं, हवंच होतं! पण मी गिळलं. प्रश्न बरोबर आहे, असं म्हणणारा डॉक्टर सांभाळून ठेवावा.

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी मऊ शिजवलेलं अंडं खाल्लं, अख्खं. दुपारी केळं आणि दूध. मी प्रत्येक वेळी आधी हाक दिली, "मास्तर, टाचण्या जमा!" माझा आवाज ताईंसारखा नाही, मास्तरांनी जरा संशयानं बघितलं, पण जमा केल्या. आ केलं. मी दिव्यानं आत बघितलं, कापसानं जखमेची बाजू सोडून दात पुसले. वहीत नवीन पान केलं आहे: दात रोज, पाणी दर तासाला, शौच रोज, नखं रविवारी, कान महिन्याला. विसरणं जाणार नाही, हे मलाही कळतं. पण दुखणं जाऊ शकतं, आणि ते शोधणं आमच्याकडे लागलं.

पाच वाजता ताई आल्या. हे आलेले होते. मास्तर कापायच्या टेबलाशी त्यांच्या उंच स्टुलावर बसले होते. ताईंनी पेपरवेट उचललं, फॉर्म ह्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सहा वाजता ते विचारतील. आता मी काही बोलणार नाही. तूच ठरव."

ह्यांनी पेन काढलं, फॉर्म वाचला, अगदी पहिल्या ओळीपासून, बसचं वेळापत्रक वाचावं तसा. तेवढ्यात मास्तरांचा हात पुढे आला. त्यांनी ह्यांच्या हातातून पेन घेतलं, फॉर्म ओढला, उलटा केला, तळव्यानं सपाट केला. मग मान वर करून ताईंच्या जाकिटाकडे बघितलं, बराच वेळ, एक डोळा बारीक करून.

"हे कुणी शिवलं?"

"तयार घेतलंय, मास्तर," ताई म्हणाल्या.

"दिसतंच आहे. कॉलर मानेपासून उठलीय. माणूस पळून चालल्यासारखा दिसतो." आणि त्या कोऱ्या पाठीवर त्यांनी कॉलर बेतली. एक रेघ इकडे, एक वळण तिकडे. हात जरा थरथरत होता, पण वळण आलं तिथे हात थरथरला नाही. मग उजवा हात न बघताच पुढे केला. "कात्री."

मोठी कात्री कुलपात. मी धावत जाऊन बोथट टोकांची कागदाची कात्री आणली, आणि मग थबकले, कारण फॉर्म तो फॉर्म, आणि सही व्हायची होती.

"दे ना," हे म्हणाले. "कापू दे त्यांना. ठरलं."

इतक्या ठामपणे हे घरात पहिल्यांदाच बोलले. मास्तरांनी कापायला घेतलं. नाव, वय, आजार, नातेवाइकाची सही, सगळ्यातून कात्री गोल फिरली. मग त्यांनी ताईंना बोटानं जवळ बोलावलं आणि ती कागदी कॉलर त्यांच्या गळ्याभोवती लावून बघितली. तोंड चालूच होतं, उजव्या कोपऱ्यातून, सरळ उभी राहा, खांदे पाड, श्वास घे, मुलगी आहेस की खांब? ताई खाली मान न घालता रडत होत्या आणि हसत होत्या.

बरोबर सहाला फोन वाजला. ताईंनीच घेतला. "हो, मीच बोलतेय," त्या म्हणाल्या. "नाही, आम्ही येत नाही. ती खाट ज्याला गरज आहे त्याला द्या. काय म्हणता? फॉर्म परत?" त्यांनी गळ्याशी हात नेला. "फॉर्म नाही मिळणार. मास्तर मला त्याची कॉलर लावून बघताहेत."

मी सूप वाढलं. दाढ काढल्यावर दोन दिवस फक्त कोमट, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून कोमटच. ताईंनी हाक दिली, मास्तरांनी सात टाचण्या जमा केल्या, आ करून दाखवलं, आणि पहिला चमचा तोंडात घेतला. दोन्ही बाजूंनी, मान न कलती करता. गिळला. कपाळाला आठी घातली. आणि मग सरळ माझ्याकडे बघितलं.

"अगं ए नळवाली, हे काय? गार सूप देतेस? गरम करून आण!"

एकवीस वर्षांत माझ्या खिडकीवर लाखभर तक्रारी आल्या असतील, पण कुठल्याही तक्रारीनं मला असं उचलून धरलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी हाच माणूस गरम वाटी बघून तोंड फिरवत होता! "आणते हो मास्तर," मी म्हटलं, डोळे पुसत वाटी उचलली आणि गॅसकडे गेले. डॉक्टरीणबाईंचं ऐकून थोडंसंच गरम केलं.